रॅम्प उभा राहतो, पण त्यावर सही कोणाची?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

११ जून २०२३ रोजी नोएडाच्या फिल्म सिटीतील एका स्टुडिओत फॅशन शो सुरू असताना दिव्यांसाठी उभारलेला लोखंडी सांगाडा, म्हणजे ट्रस, कोसळला आणि २४ वर्षांची एक मॉडेल त्याखाली सापडून मरण पावली. आणखी एक जण जखमी झाला. दोन-तीन दिवस बातमी चालली आणि मग विषय मागे पडला. माझ्या मनातून तो गेला नाही, कारण अशाच ट्रसवर दिवे टांगण्यात माझे आयुष्य गेले आहे. सुरुवात दादरच्या शिवाजी मंदिरात नाटकांच्या दिव्यांपासून झाली; पुढे मुंबईत फॅशन शो आणि कंपन्यांचे समारंभ वाढू लागले, तेव्हा चार पैसे जास्त मिळतात म्हणून मीही तिकडे वळलो. आता निवृत्त होऊन काही वर्षे झाली. जे लिहितो आहे ते रॅम्पकडे वरून पाहिलेल्या माणसाचे म्हणणे आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

रॅम्पवर चालणे हे काम आहे, हीच गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना पटत नाही. त्या कामाचे नियम मी शेकडो रिहर्सलमध्ये ऐकले आहेत. नजर समोर, कॅमेऱ्यांच्या मचाणावर ठेवायची. खाली पाहायचे नाही, वर पाहायचे नाही, काही झाले तरी थांबायचे नाही, कारण मागून येणारीचे अंतर संगीताच्या ठेक्यावर मोजलेले असते. त्यात समोरून आणि दोन्ही बाजूंनी आम्हीच एवढा उजेड टाकलेला असतो की पहिल्या रांगेच्या पलीकडे काही दिसत नाही. बांधकामावरच्या बिगाऱ्याला निदान ‘वर बघून चाल’ असे कोणी ओरडून सांगते. इथे वर न बघणे हीच कामाची अट असते. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी डोळे वापरण्याचीही मुभा ज्या कामात नाही, त्या कामात दुसऱ्या कोणीतरी, नावानिशी आणि सहीनिशी, पाहून ठेवलेले असले पाहिजे. आपल्याकडे ही सही कोणाचीच नसते. माझी तक्रार एवढीच आहे.

नाट्यगृहात दिव्यांचे बॅटन, म्हणजे दिवे टांगायचे आडवे दांडे, कायमचे बसवलेले असतात, ते किती वजन पेलतात हे तिथल्या माणसाला ठाऊक असते, आणि क्लॅम्प आवळल्यावर दिव्याला सेफ्टी चेन लावायची राहिली तर माझ्या उमेदवारीच्या काळात खालून शिव्या पडत. हॉटेलचा बँक्वेट हॉल, मॉलमधला चौक, स्टुडिओ किंवा लॉन यांचे तसे नसते. तिथे सगळेच एका रात्रीत उभे राहते आणि दुसऱ्या रात्री उतरते. आधीचे रिसेप्शन आटोपून हॉल रात्री बारा-एकला ताब्यात येतो, दुसऱ्या दिवशी दुपारी चारला रिहर्सल असते, आणि त्या पंधरा तासांत सुतार, इलेक्ट्रिशियन, एलईडी वॉलवाले, साउंडवाले आणि आम्ही एकमेकांच्या पायात पाय घालत काम करतो. आजकालचा फिरता दिवा, ज्याला आम्ही मूव्हिंग हेड म्हणतो, सहज तीस किलोचा असतो. असे सोळा दिवे टांगले की नुसत्या दिव्यांचेच वजन पाचशे किलोच्या घरात जाते. त्यात केबल, स्पीकर आणि ऐन वेळी ठरलेला झुंबराचा हट्ट मिळवावा. हे सगळे ज्या खांबांवर उभे असते ते स्वतः फार जड नसतात. ते उभे राहतात तळाच्या पसाऱ्यावर, म्हणजे चारी बाजूंना बाहेर काढलेल्या आधारांवर आणि तळाशी ठेवलेल्या वजनांवर. तो पसारा कमी केला की ट्रस पडायला वादळ लागत नाही. खालून कोणी ओढलेली एक केबल किंवा मागून लागलेला ट्रॉलीचा धक्का पुरतो.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुंबईतल्या एका मोठ्या हॉलमध्ये शो होता. आयोजकांनी ऐन संध्याकाळी पहिल्या रांगेच्या खुर्च्या वाढवल्या, आणि आमच्या दोन खांबांचे बाहेर आलेले आधार त्यांच्या वाटेत येऊ लागले. पाहुण्यांच्या पायाला लागेल, शिवाय फोटोत वाईट दिसते, तेव्हा ते काढा, असा निरोप आला. मी हुज्जत घातली, पण पाच-सात मिनिटेच. मग मुलांना सांगून आधार काढले आणि तळाला वाळूच्या गोण्या टेकवल्या. त्या गोण्यांचे वजन कोणी मोजले नव्हते, मीही नाही. शो झाला, टाळ्या पडल्या, काही विपरीत घडले नाही, आणि काही घडले नाही म्हणूनच पुढच्या वेळी असा निरोप आला तेव्हा मी हुज्जतही घातली नाही. नोएडाची बातमी वाचली त्या दिवशी मला त्या गोण्या आठवल्या. तिथे नेमके काय चुकले हे ठरवणे तपासाचे काम आहे, त्यावर मी बोलणार नाही; पण माझ्या त्या ट्रसखाली माझ्या हातून कोणी गेले नाही हे माझे कौशल्य नव्हे, एवढे मला कळते.

रिहर्सलची वेळ तर याहून वाईट. शो चालू असताना निदान वर माणसे नसतात. रिहर्सलच्या वेळी आमची मुले ट्रसवर चढून पाना हातात घेऊन दिव्यांची दिशा बदलत असतात आणि त्याच वेळी खाली मॉडेल चालण्याचा सराव करत असतात, कारण वेळ दोघांनाही तेवढीच मिळालेली असते. वर काम चालू असताना खालून जाऊ द्यायचे नाही, हा नियम बांधकामावरच्या नवख्या मुकादमालाही माहीत असतो. वरून पडलेला साधा पाना मी एकदा रॅम्पच्या प्लायमध्ये रुतलेला पाहिला आहे.

आता पायाखालची गोष्ट. रॅम्पला चकाकी हवी असते, म्हणून प्लायवर गुळगुळीत व्हिनाइल किंवा अ‍ॅक्रिलिक चढवले जाते. त्यावर धुराच्या मशीनचा ओलसर थर बसतो, वर फुलांच्या पाकळ्या किंवा चमकीचे कागद उडवले जातात. निसरडेपणा घालवण्याचा आमच्याकडचा रामबाण उपाय म्हणजे कोल्ड्रिंकने फरशी पुसणे. साखरेने ती जराशी चिकट होते. तळव्यांना चिकटपट्टी लावणे, मोठ्या पडलेल्या बुटात टिश्यूपेपर कोंबणे हे त्याचेच भाऊबंद. बूट ज्या मापाचे आले असतील त्याच मापात पाय बसवायचा असतो. मी विंगेत उभ्या असलेल्या मुलींचे पाय पाहिले आहेत; टाचा सोललेल्या, त्यावर पट्ट्या, आणि तरी बाहेर पडताना चेहरा कोरा.

पडण्याला या धंद्यात गमतीचे स्थान मिळाले आहे. १९९३ मध्ये पॅरिसला ब्रिटिश फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड यांच्या शोमध्ये आठ-नऊ इंच उंचीचे बूट घातलेली प्रसिद्ध मॉडेल नाओमी कॅम्पबेल रॅम्पवर बसकण मारून पडली आणि हसली. ते छायाचित्र जगभर गेले, आणि बूट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जाऊन बसले. तिचे हसणे दिलदार होते यात शंका नाही, पण त्या हसण्याने पडणे हा मॉडेलच्या खिलाडूपणाचा प्रश्न ठरला आणि बुटांचा राहिला नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांच्या पॅरिसमधील शोसाठी त्याहूनही भयंकर उंचीचे बूट तयार झाले, तेव्हा काही नामांकित मॉडेलनी ते घालून चालण्यास नकार दिला. नकार देता आला, कारण त्या नामांकित होत्या. नाशिकहून किंवा नागपूरहून आलेली, महिन्याला दोन शो मिळाले तर भाग्य समजणारी, मानधनासाठी दोन-तीन महिने फोन करत बसणारी एकोणीस वर्षांची मुलगी हा नकार कशाच्या बळावर देणार? तिच्या जागी यायला बाहेर दहाजणी उभ्या आहेत, हे तिला कोणी सांगावे लागत नाही.

जगाने या पेशातील धोक्याकडे पाहिले ते मुख्यतः उपासमारीच्या बाजूने. ऑगस्ट २००६ मध्ये उरुग्वेची २२ वर्षांची मॉडेल लुइसेल रामोस मॉन्टेव्हिडिओत शो चालू असतानाच हृदय बंद पडून मरण पावली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची २१ वर्षांची आना कारोलिना रेस्तोन कुपोषणाने गेली. या दोन मृत्यूंच्या मधल्या काळात, सप्टेंबरमध्ये, माद्रिदच्या फॅशन वीकने उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक (बीएमआय) १८ पेक्षा कमी असलेल्या मॉडेलना रॅम्पवर येऊ दिले नाही. इस्रायलने तसा कायदा केला, आणि फ्रान्सने २०१७ पासून डॉक्टरांचे प्रमाणपत्र सक्तीचे करून नियम मोडणाऱ्याला ७५ हजार युरोपर्यंत दंड आणि कैदेची तरतूद केली. हे आवश्यकच होते. आमच्याकडेही दिवसभर पाणी न पिता, कपडा नीट बसावा म्हणून न जेवता उभ्या राहिलेल्या आणि दिव्यांच्या उष्णतेत भोवळ येऊन पडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. मीठ-साखरेचे पाणी देणारी एखादी ड्रेसर बाई सोडली तर वैद्यकीय मदत म्हणावे असे काही तिथे नव्हते. पण मॉडेलचे वजन मोजणाऱ्या नियमांनी तिच्या डोक्यावरचे वजन मोजले नाही. एप्रिल २०१९ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलोच्या फॅशन वीकमध्ये २६ वर्षांचा मॉडेल तालेस सोआरेस रॅम्पवरच कोसळला आणि रुग्णालयात मृत घोषित झाला. त्या दिवशीचे पुढचे शो मात्र झाले. शो थांबवण्याचा अधिकार नक्की कोणाला, हा प्रश्न तिथेही अनुत्तरितच होता असे दिसते.

न्यूयॉर्क राज्याने जबाबदारी ठरवण्याच्या दिशेने एक पाऊल टाकले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळालेला आणि १९ जून २०२५ पासून लागू झालेला तिथला फॅशन कामगारांचा कायदा मॉडेलच्या एजन्सीवर अशी जबाबदारी टाकतो की ज्या कामाला ती मॉडेल पाठवते तिथे गैरवाजवी धोका नाही ना, याची एजन्सीने आधी चौकशी करावी. आठ तासांहून जास्त काम झाले तर दीडपट मोबदला, जेवणाची सुट्टी, आणि काम देणाऱ्याने पुरेसा विमा उतरवणे याही गोष्टी त्यात आहेत. विमा हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण विमा कंपनी पैसे भरायच्या आधी माणूस पाठवून खांब मोजू शकते.

आपल्याकडे काय आहे? चित्रपटातील कामगारांसाठी १९८१ चा कायदा होता, पण तो चित्रपटापुरताच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता अमलात आली आणि तिने ‘दृक्‌श्राव्य कामगार’ अशी व्यापक व्याख्या करून मालिका, वेबमालिका, जाहिराती, रिअ‍ॅलिटी शो या सगळ्यांना कवेत घेतले. म्हणजे साबणाच्या जाहिरातीत चालणारी मॉडेल त्यात स्पष्टपणे येते. तीच मॉडेल त्याच संध्याकाळी रॅम्पवर चालली तर येते का, हे व्याख्येवरून सरळ कळत नाही, कारण रॅम्पचा उल्लेख तिथे नाही. लहान मुलांच्या बाबतीत मात्र नियम बरे आहेत: बालकामगारविषयक कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांनुसार १४ वर्षांखालील मुलाला व्यावसायिक कार्यक्रमात उतरवायचे तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त काम देता येत नाही. मॉलमध्ये दर सुट्टीत होणाऱ्या मुलांच्या फॅशन शोंपैकी किती आयोजक ही परवानगी घेतात, याची चौकशी एखाद्या बातमीदाराने जरूर करावी.

सरकारचे रॅम्पकडे लक्ष नसते असे म्हणता येणार नाही. २००६ मध्ये मुंबईतल्या फॅशन वीकमध्ये दोन मॉडेलच्या बाबतीत कपडा निसटण्याचा, उसवण्याचा प्रकार घडला, तेव्हा राज्यात केवढा गदारोळ उठला आणि पोलिस चौकशीचे आदेश कसे निघाले, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. शिवणीची चौकशी करणाऱ्या यंत्रणेला त्याच रॅम्पवरचे नटबोल्ट तपासावेत असे वाटले नाही.

परवानग्या लागतातच, असे कोणी म्हणेल. पोलिस, अग्निशमन दल, विद्युत निरीक्षक यांचे कागद मोठ्या आयोजनात जमवले जातात, हे खरे आहे; गणपतीचा मंडप घालणाऱ्या प्रत्येक मंडळाला ही यादी तोंडपाठ असते. पण मंचाच्या मजबुतीचे प्रमाणपत्र मी जेव्हा जेव्हा पाहिले, तेव्हा ते उभारणी सुरू होण्यापूर्वी, नकाशा पाहून दिलेले होते. नकाशात सहा दिवे असतात, रात्री दोनला ते सोळा होतात. नकाशात आधार असतात, संध्याकाळी खुर्च्या येतात. प्रमाणपत्र ज्या रॅम्पचे आहे तो रॅम्प कधी उभाच राहिलेला नसतो. १४ फेब्रुवारी २०१६ रोजी गिरगाव चौपाटीवर ‘मेक इन इंडिया’ सप्ताहातील कार्यक्रमात लावणी चालू असताना मंचाने पेट घेतला, तेव्हा मुख्यमंत्र्यांपासून सगळे हजर होते, सरकारी बंदोबस्त होता आणि मोकळी चौपाटी होती, म्हणून जीवितहानी टळली. तेच एखाद्या बँक्वेट हॉलच्या मागच्या खोलीत झाले तर? तिथे जाळीचे आणि नायलॉनचे कपडे रांगेने टांगलेले, केसांवर फवारायचे डबे उघडे, आणि एकाच एक्स्टेंशन बोर्डावर दोन इस्त्र्या, स्टीमर आणि केस वळवण्याची यंत्रे लावलेली असतात. बाहेर पडायचा रस्ता एकच, तोही कपड्यांच्या पेट्यांनी अडवलेला. मंडप आणि तात्पुरत्या बांधकामांतील आगप्रतिबंधासाठी भारतीय मानक आयएस ८७५८ अस्तित्वात आहे. मी तीन दशकांत कोणाच्या तोंडी ते ऐकले नाही.

माझी सूचना फार मोठी नाही. तात्पुरता रॅम्प आणि त्यावरचा ट्रस पूर्ण उभा झाल्यावर, शेवटचा दिवा टांगून झाल्यावर आणि खुर्च्या मांडून झाल्यावर, परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरने प्रत्यक्ष येऊन तपासावा आणि वेळ टाकून सही करावी. त्या सहीआधी एकाही मॉडेलने रॅम्पवर पाऊल ठेवू नये, रिहर्सललाही नाही. सहीनंतर काही हलवले तर सही रद्द समजावी. सही करणाऱ्याचे नाव आणि फोन बॅकस्टेजला, जिथे लाइन-अपचा, म्हणजे कोणी कोणामागून चालायचे त्याचा, कागद चिकटवतात त्याच्या शेजारी लावावा, आणि शो थांबवण्याचा अधिकार आयोजकाला न विचारता त्याला असावा. पोलिसांच्या परवान्यात ही एक अट घालायला नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही; अस्तित्वात असलेल्या नियमांतही ती बसू शकते. कामगार खात्याने रॅम्प हे कामाचे ठिकाण आहे असे स्पष्टीकरण काढले, तर नुकसानभरपाईचा आणि विम्याचा प्रश्नही मार्गी लागेल.

खर्चाची ओरड होईल. मोठ्या शोबद्दल त्या तक्रारीत अर्थ नाही; इंजिनिअरची एका संध्याकाळची फी प्रवेशद्वारावरच्या फुलांपेक्षा कमी भरेल. महाविद्यालयांचे, तालुक्याच्या गावातील स्पर्धांचे, बुटीकवाल्यांचे लहान शो यांची अडचण मात्र खरी आहे, आणि सर्वांत स्वस्त, गंजलेला, बोल्ट हरवलेला ट्रस भाड्याने तिथेच जातो हेही खरे आहे. त्यांच्यासाठी साधा पर्याय आहे. इंजिनिअर परवडत नसेल तर डोक्यावर काहीही टांगू नका. दिवे बाजूच्या स्टँडवर, प्रेक्षकांपासून आणि रॅम्पपासून अंतर ठेवून लावा, स्टँडच्या तळाला मोजलेले वजन द्या. बाजूच्या दिव्यांवर आम्ही नाटकांचे आख्खे अंक केले आहेत. कपड्याचा पोत तर बाजूच्या उजेडातच जास्त खुलतो, हे कोणीही प्रकाशयोजनाकार सांगेल.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. रॅम्पवर कोणी पडल्याची चित्रफीत आली की ‘तोल गेला, पण आत्मविश्वास नाही’ अशा मथळ्याखाली ती संकेतस्थळावर झळकते. पुढच्या वेळी बातमीदाराने आयोजकाला फोन करून विचारावे की फरशी कशाची होती, बूट कोणाच्या मापाचे होते, रॅम्प उभारल्यावर तो कोणी आणि किती वाजता तपासला. उत्तर मिळाले नाही, तर उत्तर मिळाले नाही असे छापावे.

कळावे,

आपला,
एक निवृत्त प्रकाश-तंत्रज्ञ
डोंबिवली (पूर्व)